नीट पुन्हा देण्याआधी

नीटचा निकाल लागला की होटगीसारख्या गावात पुढचा आठवडाभर एकच प्रश्न फिरत राहतो, "मग, परत देणार का?" विचारणाऱ्यांत चुलते असतात, शेजारी असतात, सोलापूरच्या गाडीची वाट बघताना स्टेशनवर भेटलेले जुने सर असतात. घरातलं उत्तर मात्र बहुतेक वेळा निकालाच्याच रात्री ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरताना कुणाचा तरी राग असतो, कुणाचं तरी रडणं असतं. मला हे फार खटकतं. एका वर्षाचा, लाखभर रुपयांचा आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या मनाचा हा निर्णय आहे. तो घ्यायला लागणारी बहुतेक माहिती त्याच्याजवळच असते. प्रश्नपुस्तिका त्यानं परीक्षेहून घरी आणलेली असते, ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची परीक्षा घेणारी संस्था एनटीए उपलब्ध करून देते, रँक निकालावर छापलेली असते. या तीन कागदांवर दोन-तीन दिवस नीट बसलं की परत द्यायची की नाही याचं उत्तर बऱ्यापैकी दिसू लागतं.

आधी लाजेचा विषय संपवू. रिपीटर म्हटलं की मागं पडलेला, असं गावात अजूनही मानतात. तमिळनाडू सरकारनं २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली नीटचा अभ्यास करणारी समिती नेमली होती. तिच्या अहवालानुसार त्या राज्यात २०१६-१७ साली, म्हणजे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत होते तेव्हा, एमबीबीएसला लागलेल्यांत रिपीटर १२.४७ टक्के होते. नीट लागू झाल्यावर २०२०-२१ मध्ये ते ७१.४२ टक्के झाले. महाराष्ट्राचे असे मोजलेले आकडे माझ्यासमोर नाहीत, पण लातूरच्या कुठल्याही मोठ्या क्लासची रिपीटर बॅच पाहिलेल्या माणसाला चित्र वेगळं वाटणार नाही. बारावीसोबतच नीट काढणारी मुलं असतात, पण पहिल्या खेपेला न लागणं ही आता अगदी सामान्य गोष्ट झाली आहे. या बदलात अन्यायही आहे, कारण वर्षभर थांबायची ऐपत प्रत्येक घराची नसते. राजन समितीनंही तेच दाखवून दिलं होतं.

परीक्षा मात्र तुमची कितवी खेप आहे हे बघत नाही. एके काळी तीनच संधी मिळतील अशी घोषणा झाली होती, ती टिकली नाही. २०१८ मध्ये खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० वर्षांची वयोमर्यादा आली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये ती वरची मर्यादा काढूनच टाकली. आता फक्त खालची अट उरली आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. जगात सगळीकडे असं नाही. जपानमध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी वर्षानुवर्षं तयारी करणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा चालतात. तिथल्या टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीनं मुलींचे आणि अनेकदा परीक्षेला बसलेल्यांचे गुण मुद्दाम कमी केल्याचं २०१८ मध्ये उघडकीला आलं होतं. नीटच्या गुणवत्ता यादीत असा भेद नाही. दुसऱ्या खेपेचे ५५० आणि पहिल्या खेपेचे ५५० तिथं सारखेच.

आता गुणांकडे. घरोघरी पहिली चूक इथं होते. "गेल्या वर्षी अमक्याला ६०० ला लागलं नाही, मग आपल्या ५२० ला काय होणार?" हा हिशेबच चुकीचा आहे. २०२४ मध्ये ७२० पैकी ६०० गुणांना देशात ऐंशी हजारांच्या आसपास रँक मिळाली होती. पेपर सोपा गेला होता, आणि त्या वर्षीचा वाढीव गुणांचा घोळ, १,५६३ मुलांची फेरपरीक्षा, पेपरफुटीचे खटले हे सगळं न्यायालयात गेल्यानंतर सुधारित निकालातही १७ जण पूर्ण ७२० वर होते. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, भौतिकशास्त्रानं भल्याभल्यांना घाम फोडला. देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६ होते आणि ६०० च्या वर सगळे मिळून साधारण तेराशेच विद्यार्थी होते. तेच सहाशे गुण एका वर्षी ऐंशी हजारावर आणि दुसऱ्या वर्षी तेराशेवर! म्हणून गुण बाजूला ठेवून रँक धरावी. तीही देशाची एकटी पुरेशी नाही. राज्याच्या सीईटी सेलची गुणवत्ता यादी बघावी, आणि आपल्या प्रवर्गात मागच्या वर्षी शेवटच्या फेरीत कोणतं कॉलेज कितव्या क्रमांकाला बंद झालं ते बघावं. हे आकडे सेल स्वतः प्रसिद्ध करतो. आपण आणि तो शेवटचा क्रमांक यांच्यात किती अंतर आहे, तेवढं अंतर एका वर्षात कापायचं आहे.

इथंच 'क्वालिफाय' या शब्दानं अनेक आईबाप फसतात. खुल्या गटासाठी ५० वा आणि राखीव गटांसाठी ४० वा पर्सेंटाइल ओलांडला की मूल पात्र ठरतं. २०२५ मध्ये खुल्या गटाची ती रेषा १४४ गुणांवर होती. सुमारे २२ लाख मुलं परीक्षेला बसली आणि १२ लाखांहून जास्त पात्र झाली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी फीच्या जागा निम्म्याच्या घरात. पात्र होणं आणि सरकारी जागा मिळणं यांत फार मोठी दरी आहे. हे न सांगता पेढे वाटायला लावणाऱ्यांचा मला राग येतो. निकालानंतर परदेशी कॉलेजांचे एजंट दारात येतात ते याच पात्रतेच्या आधारावर. परदेशात शिकून आलेल्याला इथं एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते, आणि अलीकडच्या बऱ्याच खेपांना तिच्यात पाचांत एकाच्या आसपास उत्तीर्ण झाले आहेत. सही करण्याआधी हे माहीत असायला हवं.

आता त्या प्रश्नपुस्तिकेकडे येऊ, कारण खरी माहिती तिथं आहे. सध्या पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला वजा एक, सोडलेल्याला शून्य. समजा एका मुलीचे १२० प्रश्न बरोबर आले, ४० चुकले, २० तिनं सोडले. गुण ४४०. घरचे म्हणतील, अजून शंभर गुण हवेत म्हणजे अजून पंचवीस प्रश्न शिकायला हवेत. पण ते ४० चुकलेले प्रश्न उघडून बघा. त्यातला प्रत्येक प्रश्न पुढच्या वेळी बरोबर आला तर चार मिळतात आणि गेलेला एकही वाचतो, म्हणजे पाच गुणांचा फरक पडतो. चाळिसांपैकी पंधरा प्रश्न असे निघाले, की विषय तिला येत होता पण घाईत 'अयोग्य विधान निवडा' मधला 'अयोग्य' दिसला नाही, गणितात दहाचा घात चुकला, जोड्या लावताना तिसरी जोडी तपासलीच नाही, तर तेवढ्यावरच ७५ गुण आहेत. ४४० चे ५१५ होतात, आणि त्यासाठी नवा एकही धडा शिकायचा नाही. उलट, चाळिसांतले पस्तीस प्रश्न मुळात कळलेच नव्हते असं निघालं, तर ते दुखणं वेगळं. त्याला अकरावीपासूनचा पाया पुन्हा घालावा लागतो, आणि त्याला खरंच पूर्ण वर्ष लागतं.

अंदाजाबद्दलही एक समज पक्का बसलेला आहे: माहीत नसेल तर हात लावू नका. हिशेब करून बघा. चार प्रश्नांना डोळे मिटून गोल भरले तर सरासरी एक बरोबर येईल, अधिक चार. तीन चुकतील, वजा तीन. बाकी एक. म्हणजे अगदी आंधळा अंदाजसुद्धा सरासरीनं तोट्यात जात नाही, फार काही देत नाही इतकंच. चारांतले दोन पर्याय खात्रीनं खोडता आले, तर दोन प्रश्नांमागे सरासरी तीन गुणांचा फायदा आहे. मग रिपीटरचे गुण जातात कुठं? अंदाजापेक्षा जास्त ते खात्रीनं लिहिलेल्या चुकीच्या उत्तरांत जातात. 'हे मला येतं' असं वाटून भरलेले आणि चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवून काढावेत. माझ्या मते संपूर्ण वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे, आणि क्लासमध्ये ते क्वचितच होतं, कारण ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

येतं असं वाटूनही उत्तर चुकतं, याचं कारण स्मरणशक्तीच्या घडणीत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींना तो पुन्हा वाचायला लावला, तर काहींना पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेले पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं तपासलं तेव्हा चित्र उलटं होतं. पुन्हा वाचलेल्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के. नीटच्या रिपीटरला हा प्रयोग फार लागू पडतो. त्याच नोट्स, तीच एनसीईआरटी, तेच रंगवलेले परिच्छेद दुसऱ्या वर्षी उघडले की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं मन मानून घेतं. पान उलटतं, तास भरतात, सराव परीक्षेत गुण मात्र मागच्याच जागी. वर्षभर दहा-दहा तास बसूनही जवळपास तेवढेच गुण आणणारी मुलं आळशी असतात असं मला वाटत नाही. त्यांनी ओळखीचं पुन्हा वाचलं, आठवून बघितलं नाही. धडा मिटून कोऱ्या कागदावर लिहिणं, चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा लिहिणं, हे कंटाळवाणं असतं आणि त्यात आपलं अज्ञान रोज डोळ्यासमोर येतं. म्हणून ते टाळलं जातं.

रिपीटर बॅचचं गणितही यावरूनच करावं. होटगीहून सोलापूर पंधरा-एक किलोमीटर, रोज जाऊन-येऊन करता येण्यासारखं. लातूरला जायचं तर तुळजापूर-औशाकडची एसटी आणि मग हॉस्टेल, मेस, खोलीचं भाडं. लातूरचं नाव उगाच झालेलं नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि अनिरुद्ध जाधव यांच्या काळात घडलेल्या शिस्तीतून 'लातूर पॅटर्न' उभा राहिला, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झाली. पण रिपीटर बॅच पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा शिकवते. ज्याचा पाया कच्चा आहे त्यानं जरूर जावं. शेवटच्या क्रमांकापासून थोडक्यात हुकलेल्या मुलानं मात्र सहा तास वर्गात बसून येणारंच पुन्हा ऐकावं का, याचा विचार करावा. अशाला घरी राहून चांगली टेस्ट सिरीज, चुकांची वही आणि अडल्या विषयापुरते एखादे सर पुरतात. अट एकच, घर त्याला अभ्यास करू देणारं हवं. रानातलं काम, लग्नकार्य, पाहुणे, "जरा सोलापूरहून एवढं घेऊन ये", हे वर्षभर थांबवणं घरच्यांच्या हातात असतं.

जुन्या नोट्सबद्दल एक सावधगिरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नीटचा अभ्यासक्रम बदलला, काही धडे गेले, काही भर पडली. दादाच्या किंवा ताईच्या जुन्या पुस्तकांवर वर्ष काढणाऱ्यानं चालू अभ्यासक्रम समोर ठेवून एकेक धडा पडताळावा. भाषेचाही विचार आधी करावा. आमच्या भागात घरात कन्नड, शाळेत मराठी आणि अकरावीपासून एकदम इंग्रजी असा प्रवास करणारी मुलं पुष्कळ आहेत. नीट १३ भाषांत होते, मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांत आहेत. मराठी निवडली तर पुस्तिकेत मराठीबरोबर इंग्रजीही छापलेलं असतं, आणि दोहोंत तफावत आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. जीवशास्त्रातली लांबलचक विधानं वाचताना जिची इंग्रजीत दमछाक होते, तिला हा आधार मोठा आहे. मात्र मराठी माध्यमाचं केंद्र महाराष्ट्रातच मिळतं.

सीमाभाग म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे हातात आलेली जागा जाते. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. अपवाद आहेत, ते मुख्यतः सरकारी नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी. आणि कर्नाटकातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मुलांची वेगळी तरतूद आहे. होटगीतून रूळ विजयपूरकडेही जातात आणि वाडीकडेही. इंडीला मामाकडे राहून दहावी केलेली, विजयपुरात बारावी केलेली मुलं आपल्याकडे नवी नाहीत. गुण सुधारायला म्हणून कोटा किंवा हैदराबादला जाऊन तिथून पुन्हा बारावी देण्याचा बेत करणाऱ्यांनीही हा नियम आधी वाचावा. बारावीला भौतिक, रसायन, जीव मिळून खुल्या गटाला ५० आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात. ते कमी पडले असतील तर महाराष्ट्र मंडळाची श्रेणीसुधार परीक्षा आहे, राज्य सोडायची गरज नाही.

कागदपत्रांसाठी हे वर्ष सोन्यासारखं आहे. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी त्यासाठी धावपळ करणारे आईबाप सोलापुरात दर वर्षी दिसतात. तो अर्ज आत्ताच करावा. नॉन-क्रिमीलेअर दाखला चालू वर्षाचा लागतो. अखिल भारतीय १५ टक्के कोट्यासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत आहे म्हणून तिथंही असेल असं गृहीत धरू नये. मराठा समाजाला राज्यात मिळणारं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या कोट्यात नाही. वर्षभराच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं जाऊ शकतं, तेही करून ठेवावं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्यानं जुलै २०२४ मध्ये काढला. "मुलीला परत एक वर्ष कशाला?" असं म्हणणाऱ्या घरात हा निर्णय छापून न्यावा.

थांबायचं कधी? माझं मत स्पष्ट आहे. दुसऱ्या खेपेला रँक ठळकपणे वर आली आणि अंतर थोडं राहिलं, तर तिसऱ्या खेपेला अर्थ आहे. प्रामाणिक वर्ष घालूनही रँक जागची हलली नसेल, तर तिसरं वर्ष मुलावर लादू नये. त्यातही पहिल्या रिपीटपासूनच दुसरी दारं उघडी ठेवावीत. बीएएमएस, बीएचएमएस नीटवरच आहेत, महाराष्ट्रात फिजिओथेरपीलाही नीटचेच गुण लागतात. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी आणि नर्सिंगसाठी वेगळी सीईटी आहे. हे अर्ज भरले म्हणजे मन डळमळीत झालं असं काही घरांत समजतात. मला उलट वाटतं. मागं काहीतरी आहे हे माहीत असलेलं मूल पेपरात कमी घाबरतं. झोप उडाली, जेवण तुटलं, मूल बोलेनासं झालं तर मे महिन्याची वाट बघू नये. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

शेवटी प्रवेशफेऱ्या. वर्षभराची मेहनत इथं कागदावर वाया गेलेली मी पाहिली आहे. पसंतीक्रम भरताना 'हे आपल्याला मिळणारच नाही' म्हणून वरची कॉलेजं गाळतात, किंवा मिळेल असं वाटतं ते पहिलं टाकतात. जागावाटप तसं चालत नाही. यंत्रणा गुणवत्ता क्रमांकानं मुलाकडे येते आणि त्याची यादी वरून खाली बघत जाते. पहिलं मिळालं नाही तर दुसरं, दुसरं नाही तर तिसरं. वर मोठं कॉलेज लिहिल्यानं खालच्याची संधी कमी होत नाही. त्यामुळे यादी फक्त आवडीनं आणि ऐपतीनं लावावी. होटगीच्या मुलीला घराजवळ राहायचं असेल तर सोलापूरचं १९६३ पासूनचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालय तिनं मुंबई-पुण्याच्याही वर लिहावं, त्यात काही चूक नाही. कुंभारीचं अश्विनी महाविद्यालयही जवळच आहे, पण ते खाजगी. तिथली फी सरकारीच्या अनेक पट असते, म्हणून आधी फीचा तक्ता आणि बँकेच्या कर्जाचा हप्ता लिहून काढावा, मग ते यादीत टाकावं. शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत जाते आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेवरही गदा येऊ शकते, म्हणून जिथं जायचंच नाही असं कॉलेज त्या यादीत अजिबात लिहू नये. हे नियम दर वर्षी थोडे बदलतात. माहितीपुस्तिका निघाली की क्लासवाल्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मुलानं आणि घरातल्या एका मोठ्या माणसानं ती एकत्र बसून पहिल्या पानापासून वाचावी.